मामीच्या कपाशीवरची छत्री

आमच्या कॉलेजात रॉकेटची टीम झाली तेव्हा इंजिनचं काम पोरांनी आपसांत आधीच वाटून घेतलं होतं. मोजमापाची यंत्रं दुसऱ्या दोघांनी उचलली. उरलं पॅराशूट. "तुला शिवणकाम येत असेल ना?" असं म्हणून आमच्या टीम लीडरने ते माझ्या गळ्यात मारलं. आता मला शिवणकाम अजिबात येत नाही. कुर्त्याचं बटण तुटलं तरी मी आईला हाक मारते. पण त्या दिवशी भांडायचा कंटाळा आला होता, म्हणून "बरं" म्हणाले, आणि त्या एका "बरं"पायी पुढचे कितीतरी महिने माझे त्यातच गेले.

आमचं ते साउंडिंग रॉकेट. म्हणजे उपग्रह-बिपग्रह काही सोडायचा नाही. सरळ वर जायचं, वाटेत हवेचं तापमान, दाब, ओलावा मोजायचा आणि खाली यायचं. वर जाण्याचं कौतुक सगळ्यांना. जळगावजवळच्या आमच्या असोद्यात जो भेटेल तो "किती वर जाईल?" एवढंच विचारायचा. ते परतही येतं, आणि छत्री न उघडता आलं तर माणसापेक्षा लांब अशी ती नळी सरळ कुणाच्या तरी डोक्यात येते, हे कुणाच्या मनातच यायचं नाही. माझ्या मनात मात्र दुसरं काही नसायचं. जेवताना, बसमध्ये, तोंडी परीक्षेला बाहेर उभी असताना, सतत ती नळी वरून खाली यायची आणि तिची छत्री उघडायची नाही. छत्री हा आमचा शब्द. दिवसातून शंभरदा पॅराशूट कोण म्हणणार?

छत्र्या दोन. नळी सगळ्यात वर पोचली की आधी लहान छत्री बाहेर पडते. तिच्यामुळे नळी जरा आवरते, पण येते वेगातच. जमीन जवळ आली की मोठी उघडते आणि मग सगळं हळू खाली उतरतं. हे घडवून आणतं आतलं एक छोटं सर्किट. ते हवेचा दाब मोजत राहतं. वर जाताना दाब कमी होतो, खाली येताना वाढतो, त्यावरून आपण कुठे आलो हे त्याला कळतं, आणि ते फटाक्याच्या दारूची चिमुकली पुडी उडवून छत्री बाहेर ढकलतं. त्याला बाहेरची हवा मिळावी म्हणून नळीला चारी बाजूंनी बारीक भोकं ठेवलेली असतात. जाडसर सुई जाईल एवढी. ती भोकं बुजली तर सर्किटला वाटतं आपण अजून जमिनीवरच आहोत, आणि ते गप्प बसून राहतं.

नायलॉनच्या कळ्या कापल्या मी, शिवल्या जळगावच्या एका शिंप्याने. परकराला असतात तशाच कळ्या, फक्त हवा निघून जायला मधोमध भोक ठेवायचं. तो विचारायचा, "ताई, हे भोक राहू द्यायचं नक्की?" मी दर वेळी खेकसायची. चाचणीसाठी वजन पाहिजे म्हणून आम्ही माझ्या घरच्या बागेतला केळीचा घड आणायचो आणि छत्रीला बांधून कॉलेजच्या गच्चीवरून सोडायचो. छत्री नीट उघडली की घड धड राहायचा आणि टीमला खायला मिळायचा. नाही उघडली की खाली चिखल. टीम लीडर म्हणायचा, "तुझ्या छत्रीपेक्षा तुझ्या वडलांची केळी भारी आहेत." त्याच्या अब्बांचं हार्डवेअरचं दुकान, त्यामुळे नळ्या, स्क्रू, नट-बोल्ट सगळं तिथून यायचं आणि पोरगा स्वतःला मोठा कारखानदार समजायचा. मी त्याला हसायची, पण चिखल झालेल्या दिवशी घरी न जाता पुन्हा कळ्या मोजत बसायची.

उडवायला मोकळी जागा पाहिजे होती. जळगावकडे सगळी केळी आणि वस्ती. माझ्या मामाचा माळ धुळ्याच्या पुढे, टेकडीच्या पायथ्याशी, नुसतं गवत आणि दगड. मामा धुळ्याला नोकरीला, जमीन खरं तर मामीच सांभाळते. माळाच्या खालच्या अंगाला बांध, आणि बांधापलीकडे तिची कपाशी. मी भीत भीत विचारलं तर ती म्हणाली, "उडाव ना माय, मन्हं काय जास?" परवानग्या आमच्या टीमच्या सरांनी काढल्या, नळी कुठपर्यंत पडू शकते त्याची नकाशावर वर्तुळं काढली. कागदावर कपाशी वर्तुळाच्या बाहेर होती.

पहिल्या उड्डाणाला ती बाहेर राहिली नाही. लहान छत्री उघडली, मोठी आत अडकून बसली. वारा बांधाकडे वाहत होता. नळी कपाशीत येऊन जिथे आदळली तिथे वेचणीच्या बायांचा पाण्याचा माठ होता, शेजारी भाकरीची गाठोडी. बाया तेव्हा दुसऱ्या टोकाला होत्या म्हणून वाचल्या. आम्ही धावत पोचलो तर माठाच्या खापऱ्या सगळीकडे उडालेल्या आणि मातीत हातभर खड्डा. कुणी ओरडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. एकीने गाठोडं उचललं, झटकलं आणि ती चालू लागली. मग बाकीच्या.

त्या बाया परत आल्या नाहीत. मामीने निरोप धाडले, घरी जाऊन आली. सगळ्यांचं एकच, त्या वावरात आम्ही येत नाही, वरून काय पडेल सांगता येत नाही. बोंडं फुटून कापूस लोंबायला लागला. एकटी मामी किती वेचणार? दुसरं उड्डाण धुळे सोडून कुठेतरी लांब करू असं सर म्हणाले तेव्हा मामीनेच फोन करून मला झापलं. तुम्ही दुसरीकडे गेलात तर या बायांना वाटेल की खरंच भीती आहे, मग माझ्या वावरात जन्मात कुणी यायचं नाही. इथेच उडवा, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत नीट खाली उतरवा. असा तिचा हिशोब. मी "हो मामी" म्हणाले आणि फोन ठेवला.

मग मी नळीचा मोठी छत्री ठेवायचा भाग रुंद करून घेतला. छत्री घडी घालायची रीत बदलली, कोंबायची नाही, सैल ठेवायची, मध्ये टाल्कम पावडर भुरभुरायची. सर्किट लोणच्याच्या काचेच्या बरणीत ठेवून बरणीतली हवा ओढून काढायची आणि ते बरोबर वेळी पेटतं का बघायचं, हे मी इतक्यांदा केलं की आई म्हणाली, यंदा लोणचं घालायचं की नाही? बरणीत ते दर वेळी पेटलं. माझा तरीही विश्वास बसेना. बरणीत पेटायला काय जातंय, असं मला वाटत राहायचं.

उड्डाणाच्या दिवशी नळी आणि बाकीचं सामान पिकअपने गेलं. छत्र्यांची पिशवी मी कुणाच्या हातात दिली नाही. जळगाव ते धुळे एसटीत मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर म्हणाला, "ताई, झोपलंय का बाळ?" सगळी बस हसली. मला हसू आलं नाही, आणि पारोळा येईपर्यंत मी त्याच्यावर मनातल्या मनात चिडलेली होते.

माळावर पोचलो तेव्हा हवा थंड आणि शांत होती. छत्र्या भरल्या, पुड्या भरल्या, सर्किट बसवलं, नळी लाँचरवर उभी केली. चार भोकांभोवती लीडरने लाल रंगाने ठसठशीत गोल काढले होते, कुणी चुकून चिकटपट्टी वगैरे लावू नये म्हणून. टीममध्ये सगळ्यांना त्याचा अर्थ माहीत. बाहेरच्या माणसाला सांगायचं कुणाला सुचलं नाही, मलाही नाही. वेचणीच्या बाया रस्त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीपाशी जमल्या होत्या, मामीनेच बघायला बोलावल्या होत्या. वावरात कुणी नाही हे पाहायला मी आणि सर बांधापर्यंत चालत गेलो, तिथे वाऱ्यावरून आमची वादावादी झाली. मला वारा वाढणार असं वाटत होतं, सरांना नाही.

परत आले तर लाँचरपाशी आरतीचं ताट, फुटलेला नारळ, उदबत्ती. मामीने रॉकेट ओवाळलं होतं आणि आमची पोरं हात जोडून फोटो काढून घेत होती. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू? मी नमस्कार करायला पुढे झाले आणि मला ती भोकं दिसली. चारी लाल गोलांच्या मधोमध ओलं कुंकू भरलेलं, वर अक्षता चिकटवलेल्या. एवढे सुबक गोल काढून मधली जागा रिकामी ठेवलेली, मामीला दुसरं काय वाटणार? कपाळ दिसलं की कुंकू लावायचं.

मी ओढणीचं टोक बाटलीतल्या पाण्याने भिजवलं आणि पुसायला लागले. ओवाळायला मामीबरोबर दोन-तीन बायाही आल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "आसं कोनी पुसस का!" सवाष्णीने लावलेलं कुंकू तिच्यासमोर खसाखसा पुसायचं, आमच्याकडे असं कुणी करत नाही. मला ते कळत होतं आणि हात थांबत नव्हता.

"काय करी ऱ्हायनी तू?" मामी म्हणाली.

"मामी, ही त्याची नाकं आहेत. बुजली तर त्याला वर गेल्याचं कळत नाही. छत्री उघडणार नाही."

"माले काय माहीत? गोल काढेल व्हता." ती एवढंच बोलली. ताट उचललं आणि त्या बायांना घेऊन ट्रॉलीकडे निघून गेली. तिचा चेहरा पाहून मला स्वतःची लाज वाटली, पण समजूत घालायला वेळ नव्हता. वरून भोकं मोकळी दिसत होती. आत काय झालंय ते दिसत नव्हतं.

"झालं ना साफ? चला," लीडर म्हणाला.

मी म्हणाले, उघडायचं. तो उखडला. आत दारू भरलेली, सगळं खोलायचं, परत घडी, परत पुड्या, परवानगी दुपारपर्यंतचीच, वारा सुटायला लागलाय, आणि हे सगळं कुंकवाच्या एका थेंबासाठी? "तुझी छत्री आहे म्हणून आमचं सगळ्यांचं वाटोळं करणार का?" दुसरा म्हणाला, "ही कायम अशीच. हिला भीतीचा रोग आहे." सर घड्याळाकडे बघत उभे होते. मला रडू येत होतं आणि राग त्याहून जास्त येत होता. मी म्हणाले, हो, आहे मला रोग, आणि मी पाना घेतला. कुणी मदतीला आलं नाही. सर तेवढे शेजारी येऊन उभे राहिले आणि स्क्रू हातात धरत गेले.

आत एका भोकातून लाल ओघळ उतरला होता. वायरीवरून सरकत तो थेट सर्किटवर पोचला होता आणि दाब मोजणाऱ्या त्या इवल्याशा डबीच्या तोंडावर कुंकवाचा पापुद्रा धरला होता. मी ते लीडरसमोर धरलं. जादाचं सर्किट पिशवीत होतं, ते त्याने स्वतः आणून दिलं आणि पुड्या भरायलाही बसला. "मी सांगायला पाहिजे होतं त्यांना," तो मामीबद्दल म्हणाला. मी म्हटलं, आता गप्प बस आणि पकड हे.

पुन्हा सगळं बांधेपर्यंत वारा सुटला होता, जोराचा नाही, पण बांधाकडेच. सर एकदा म्हणाले, राहू द्यायचं का? मग त्यांनी वारा मोजला, मर्यादेत होता, रस्त्याकडे पाहिलं, बाया ट्रॉलीपाशी होत्या. आम्ही सगळे आडोशाला गेलो. बटण दाबलं.

आवाज झाला, धूर झाला, आणि ते गेलं. पोरांनी आरोळ्या ठोकल्या. मी वर पाहतच नव्हते. मला सवय लागली होती, रॉकेट गेलं की मी आधी खाली बघायची, कुठे कुणी आहे का. बांधाकडे पाहिलं, कपाशीकडे पाहिलं. कपाशीत पोपटी लुगडं होतं.

मामी. वावराच्या मधोमध, जिथे माठ फुटला होता त्याच जागी, कमरेला कापूस वेचायची ओटी बांधून उभी. मधल्या वेळात ती रस्त्याच्या कडेने उतरून गेली होती आणि आमच्यापैकी एकाचंही लक्ष नव्हतं. सर बायांकडे पाहून निर्धास्त झाले होते, बायांत मामी आहे की नाही हे कुणी मोजलंच नव्हतं. मी किंचाळले, "मामी, निघ! मामीऽ!" वारा माझ्याकडून तिच्याकडे होता, तिला ऐकू जायला हवं होतं. ती हलली नाही. मनात आलं, रुसली. कुंकू पुसलं म्हणून रुसून आपल्या वावरात जाऊन उभी राहिली, आणि आता ही मरणार. मी हे केलं.

"लहान उघडली!" लीडर ओरडला. म्हणजे आता ती नळी तशीच वेगात, वाऱ्याबरोबर बांधाकडे सरकत खाली येणार. मागच्या वेळी इथपर्यंत सगळं असंच झालं होतं. मी आडोशातून बाहेर पळाले. सर मागून ओरडत होते, ते काय म्हणत होते मला माहीत नाही. दगडातून पळत होते आणि मोठी उघडायची वेळ आली हे मला कळत होतं, कारण बरणीसमोर बसून बसून ती वेळ माझ्या अंगात मुरली होती. आता. आता उघडायला पाहिजे. माझ्याने वर बघवेना. मी बांधापाशी खाली बसले आणि डोळे घट्ट मिटले, दोन्ही हात डोक्यावर घेतले. एवढं सगळं ज्याच्यासाठी केलं ते बघायची वेळ आली आणि माझ्याने बघवलं नाही.

आदळल्याचा आवाज आला नाही. नुसती सळसळ झाली, पाला हलल्यासारखी. मी डोळे उघडले तेव्हा नारिंगी नायलॉन कपाशीच्या दोन-तीन ओळींवर पसरलं होतं आणि नळी झाडांना रेलून पडली होती. तिच्यापासून थोड्या अंतरावर मामी वाकून कापूस वेचत होती.

मी तिच्यापर्यंत पोचले आणि तिच्यावर तुटून पडले. "मरायचं होतं का तुला? डोकं फिरलंय का? एवढं रुसायचं? कुंकू काय परत लावता आलं नसतं?" मी रडत होते, ओरडत होते, तिचे खांदे धरून हलवत होते.

"हां, रुसनी ना," ती शांतपणे म्हणाली. "ते घर गयावर देखसूत." मग तिने रस्त्याकडे हनुवटी केली. ट्रॉलीपासून बाया निघाल्या होत्या. एकामागून एक बांध उतरत होत्या, चालता चालता कमरेला ओटी बांधत होत्या. "मी उभी ऱ्हायनी तवय त्या उन्यात."

"आणि नसती उघडली तर?"

"कशी नही उघडती? तू सोता खोलीसन देखं. त्या पोरे तुन्हावर चिडनात, तरी देखं. मंग माले कसानी भीती?"

माझ्या छत्रीखाली उभं राहायला मला कुणी सांगितलं असतं तर मी राहिले नसते, हे मी तिला कसं सांगू? तिने माझे हात आपल्या ओटीतल्या कापसात खुपसले आणि वर दाबून धरले.

"पन काय उघडनी व माय ती!" मामी म्हणाली. "देखी ना तू?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण तिच्यासमोर जीभ वळली नाही. "नाही गं," मी म्हणाले. "मी डोळे मिटले होते."

ती मला हसली नाही. बाया आमच्यापर्यंत आल्या होत्या, एक जण पायाने नायलॉन बाजूला सारत होती. मामीने मान वर केली, हात वर केला आणि मला दाखवायला लागली. पहिले नुसती चिंधी व्हती, ती म्हणाली, वरे, अशी फडफड करे. मंग फट्कन आवाज उना. मंग ती थोडी फुगनी, परत मिटनी, मन्हा जीव गया. आन् मंग बठ्ठीच्या बठ्ठी उघडनी.

मी तिला म्हटलं, पहिल्यापासून सांग.